मॉन्टेसरी साहित्य घरी वापरून आठ महिने: काय चाललं, काय कपाटात गेलं

लेक तीन वर्षांची झाली तेव्हा मॉन्टेसरी शिक्षणपद्धतीचं हे साहित्य घरी आणलं. त्याने मूल हुशार होतं का, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. तिच्या हातांत आणि चिकाटीत पडलेला फरक मात्र रोज डोळ्यांसमोर आहे.

सगळ्यात जास्त वापरला तो दंडगोलांचा ठोकळा. लाकडात दहा खाचा, त्यात दहा दंडगोल, प्रत्येकावर छोटी घुंडी. सगळे काढायचे, मिसळायचे, परत बसवायचे. जाड दंडगोल अरुंद खाचेत जातच नाही. बारीक मात्र रुंद खाचेत गपकन जाऊन बसतो, आणि घोळ कळतो तो शेवटी, हातात एक उरतो आणि त्याला जागाच नसते तेव्हा. सुरुवातीला इथे आली की ती माझ्याकडे बघायची आणि मी लगेच बोट दाखवायचे. सगळ्यावर पाणी! चूक साधनानेच दाखवावी, मोठ्यांनी नाही, हीच तर ही पद्धत घडवणाऱ्या इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींची कल्पना. मी तोंड मिटून बसायला शिकले, त्याला महिना लागला. मग एके दिवशी उरलेला दंडगोल मुठीत धरून ती बराच वेळ नुसती बसली आणि एकेक घुंडी हलवून बघू लागली. सैल बसलेला सापडला. मी "शाब्बास" म्हणाले नाही, आणि तिला त्याची गरजही दिसली नाही. तिने सगळे काढून पुन्हा सुरू केलं.

घुंडी अंगठा आणि दोन बोटांनी धरावी लागते; पेन्सिलची पकडही तशीच. सहाव्या महिन्यात तिने खडू मुठीत धरणं सोडलं. सगळं श्रेय घुंडीचं नसेल, वयही वाढलंच की.

गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात, १ ते १० सेंटिमीटरचे, सगळे एकाच रंगाचे, म्हणजे लक्ष फक्त आकारमानाकडे जातं. आमचा १ सेंटिमीटरवाला दुसऱ्याच आठवड्यात सोफ्याखाली गेला. तेव्हापासून तिच्या मते मनोरा "पूर्ण नाहीये". घरात तान्हं बाळ असेल तर हा घन नजरेआड होऊ देऊ नका, तो सरळ तोंडात जातो.

खरखरीत अक्षरं मी घरीच कापली, जाडाभरडा पॉलिश पेपर वापरून. बोटाला टोचतंय म्हणून तिने हात लावला नाही. बारीक कागद आणल्यावर दोन बोटांनी गिरवणं सुरू झालं. पद्धत तीन पायऱ्यांची: "हा क", मग "क कुठला?", आणि पक्कं झाल्यावरच "हा कोणता?" मी घाईने तिसरीवर उडी मारली की ती उठून जायची. परीक्षा कुणाला आवडते?

विकत न घेता जे जमलं तेच सर्वात टिकलं: दोन छोटे जग, आधी कोरडे दाणे, मग पाणी, शेजारी फडकं. सांडलं की पुसायचं, हा कामाचाच भाग. मनगट स्थिर झालं आणि रडारड कमी झाली. उलट खोक्यावर "मॉन्टेसरी" छापलेला, दिवे लुकलुकणारा, गाणी म्हणणारा एक फळा आमच्याकडे आला होता. तो कपाटात आहे. हे नाव कुणीही छापतं, भुलू नका.

एक उणीव घरी भरून निघत नाही. या पद्धतीच्या वर्गात तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असतात, लहानं मोठ्यांना बघून शिकतात. रोममध्ये १९०७ साली सुरू झालेल्या मॉन्टेसरींच्या पहिल्या शाळेतही वेगवेगळ्या वयांची मुलं एकत्रच होती. आमच्या एकुलत्या एकीला बघायला फक्त मी, आणि मला फोन वाजला की उठावं लागतं.

बटणं लावण्याचा सराव करायची कापडी चौकट तिने चार दिवसांत टाकून दिली. स्वेटर मात्र हल्ली स्वतः घालते. वरून सुरुवात करते, मध्ये एक काज चुकतं, आणि खाली एक बटण उरतं. मान खाली घालून त्याच्याकडे बघत बसते. मग सगळी सोडते.