लघुप्रबंधाला कोणतं उदाहरण घ्यावं: अमेरिका–इस्रायल की सोव्हिएत संघ–क्युबा?

दिवाळीची सुट्टी संपली की राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या मुलामुलींचे फोन येऊ लागतात. विषय बहुतेकांचा ठरलेला असतो: बलाढ्य देश एखाद्या छोट्या देशाच्या पाठीशी इतकी वर्षं का उभा राहतो, त्यात त्याचा स्वतःचा फायदा काय. गाडी अडते ती उदाहरणावर. दहातल्या आठ जणांच्या मनात इस्रायल असतो, आणि एखाद-दुसरा चाचरत विचारतो, ‘सर, क्युबा घेतला तर चालेल का?’

मी दोन्ही करून पाहिलं आहे. पाच महिने इस्रायलवर घालवले, दोन प्रकरणं लिहिली, ती बाजूला ठेवली आणि क्युबाकडे वळलो. त्यामुळे हा आढावा तटस्थ आहे असं म्हणणार नाही. पण सोडलेल्या विषयावर माझा राग नाही. तो आजही मला ओढतो. शीतयुद्ध, सहा दिवसांचं युद्ध, क्षेपणास्त्रांचा पेच हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो आणि थेट निवडीच्या प्रश्नावर येतो.

इस्रायलच्या बाजूने पहिली गोष्ट म्हणजे साहित्य. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जुनी कागदपत्रं खंडच्या खंड घरबसल्या वाचता येतात. अध्यक्ष ट्रुमन यांनी १४ मे १९४८ला इस्रायलच्या स्थापनेच्या घोषणेनंतर अवघ्या ११ मिनिटांत त्याला मान्यता दिली, आणि त्यांचेच परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल त्याच्या ठाम विरोधात होते, हे सगळं कागदावर दिसतं. मदतीचे आकडेही उघड आहेत. २०१६च्या करारात दहा वर्षांसाठी ३८ अब्ज डॉलर ठरले. त्यातले ३३ अब्ज लष्करी खरेदीसाठी आणि ५ अब्ज क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांसाठी. इस्रायलला पूर्वी त्यातला काही भाग स्वतःच्या कारखान्यांवर खर्च करता यायचा. ती सवलत २०२८पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होते आहे. म्हणजे दिलेला पैसा जवळजवळ सगळा अमेरिकी कारखान्यांत परत येणार. एवढ्या एका कलमावर एक प्रकरण उभं राहतं.

आपल्याकडच्या मुलांना या विषयाची ओढ असण्याला जवळचं कारणही आहे. अलिबाग-पेणच्या पट्ट्यातले शनिवार तेली, म्हणजे बेने इस्रायली ज्यू, तिकडे गेले ते मराठी सोबत घेऊन. तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे. रायगडची एक मुलगी मला म्हणाली होती की तिच्या गावात अजून त्यांची घरं दाखवतात, म्हणून तिला हाच विषय हवा. या ओढीला मी कमी लेखत नाही. वर्षभर एकाच गोष्टीमागे लागायचं तर अशी ओढ लागतेच.

हिताचा मुद्दा मांडायलाही भरपूर सापडतं. १९६६मध्ये एक इराकी वैमानिक सोव्हिएत बनावटीचं मिग-२१ घेऊन इस्रायलमध्ये उतरला. ते विमान पुढे अमेरिकेने नेवाडात नेऊन उडवून पाहिलं. शत्रूचं सर्वात चांगलं लढाऊ विमान आयतं हातात आलं, याची किंमत कशात मोजणार? सप्टेंबर १९७०मध्ये सीरियाचे रणगाडे जॉर्डनमध्ये शिरले तेव्हा अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांनी इस्रायलला सज्ज राहायला सांगितलं. रणगाडे मागे गेले, आणि त्यानंतर मदतीचे आकडे एकदम चढले. इथपर्यंत लिहिताना माझा हात झरझर चालत होता.

मग मी अडलो, आणि तिथेच माझी निवड ठरली.

माझ्याकडे दोनशे पानी वही होती. प्रत्येक पानाच्या मधोमध रेघ मारली होती. डावीकडे ‘सामरिक हित’ आणि उजवीकडे ‘अमेरिकेतलं घरचं राजकारण’. प्रत्येक घटना कोणत्या रकान्यात बसते ते लिहायचं, आणि शेवटी कोणता रकाना भरला ते पाहायचं, असा साधा बेत होता. १९७३चं युद्ध आलं. ऑक्टोबरच्या मध्यापासून अमेरिकेने विमानांनी २२ हजार टनांहून जास्त सामान पोचवलं. डावीकडे लिहिलं, कारण सोव्हिएत संघही इजिप्त-सीरियाला विमानांनी शस्त्रं पोचवत होता. पण त्याच मदतीपायी अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत तेलाचे भाव चौपट झाले. मग हे हित कसं? खोडलं, उजवीकडे नेलं. पुढे वाचलं की याच युद्धानंतर इजिप्त मॉस्कोचा हात सोडून वॉशिंग्टनकडे आला आणि १९७९चा तह झाला. पुन्हा डावीकडे. त्या पानावर इतकी खाडाखोड झाली की शेवटी कागद फाटला.

१९९१ने तर मला हरवलंच. सोव्हिएत संघ संपला, म्हणजे त्याला अडवण्याचं कारण संपलं. आखाती युद्धात तर इराकची स्कड क्षेपणास्त्रं तेल अवीववर पडत असताना अमेरिका इस्रायलला विनवत होती की तुम्ही काही करू नका, नाहीतर आमच्यासोबतचे अरब देश फुटतील. भरवशाच्या मित्राचा उपयोग गप्प बसण्यात होता. माझ्या गृहीतकाप्रमाणे यानंतर मदत आटायला हवी होती. ती आटली नाही. शीतयुद्धाच्या जागी दहशतवाद आला, पुढे इराण आला. कारणं बदलत गेली आणि मदत जागची हलली नाही. हिताचा माणूस म्हणतो, बघा, हित नव्याने निर्माण झालं. घरच्या राजकारणाकडे, म्हणजे इस्रायल-समर्थक दबावगटाकडे बोट दाखवणारा म्हणतो, बघा, हित नसतानाही मदत चालूच. दोघांना एकच पुरावा पुरतो. मला ‘म्हणून’ या शब्दाने सुरू होणारं एकही वाक्य छातीठोकपणे लिहिता येईना. चर्चासत्रात बसलो की ऐकणारे आधीच बाजू घेऊन आलेले असत. माझा मुद्दा बाजूला राहून ‘तू कुणाच्या बाजूचा?’ यावरच वेळ जाई. ते मी सहन केलं असतं. पण कारण हाती लागत नाही हे सहन झालं नाही.

कदाचित माझीच पद्धत भाबडी असेल. ज्यांना तरीही इस्रायलच घ्यायचा आहे त्यांना मी एवढंच सुचवेन की सगळा इतिहास घेऊ नका. दोन्ही रकाने विरुद्ध दिशांना ओढत होते अशा तीनच घटना घ्या. पहिली १९५६–५७ची. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी स्वतःच्या निवडणुकीच्या ऐन तोंडावर इस्रायलवर दबाव आणायला सुरुवात केली, आणि सिनेटमधल्या दोन्ही पक्षांच्या नेत्यांची नाराजी पत्करून त्याने युद्धात घेतलेलं इजिप्तचं सिनाई रिकामं करायला लावलं. दुसरी १९८१ची, सौदी अरेबियाला टेहळणी विमानं विकण्याचा प्रस्ताव, जो इस्रायलच्या समर्थकांनी जीव तोडून विरोध करूनही सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८ मतांनी तगला. तिसरी १९९१–९२ची, थोरल्या बुश यांनी इस्रायलने मागितलेल्या १० अब्ज डॉलरच्या कर्जहमीला घातलेला खोडा. या तिन्हीत काय जिंकलं, काय हरलं, ते दिसतं. असा प्रबंध चांगला होऊ शकतो. मला तेव्हा हे सुचलं नाही.

आता क्युबा.

आमचं घर उसाचं. वही फाटल्यावर मी सुट्टीला घरी आलो होतो. कारखान्याची उसाच्या बिलाची पट्टी घेऊन आप्पा सोप्यात बसले होते, टनेज ताडून पाहत. मी सहज म्हणालो, ‘आप्पा, क्युबाची साखर रशिया बाजारापेक्षा कितीतरी चढ्या दरानं घ्यायचा.’

पट्टीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, ‘रशियात साखर होत न्हवती काय?’

‘बीटाची व्हायची की. मोप.’

‘मग त्याला साखर नको हुती. दुसरंच कायतरी पायजे हुतं.’

त्या एका वाक्यावर माझा विषय बदलला. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला बाजारापेक्षा जास्त दर देणारा नुसता ऊस नेत नाही, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

क्युबाच्या गोष्टीत साखर पहिल्यापासून आहे. फेब्रुवारी १९६०मध्ये सोव्हिएत उपपंतप्रधान मिकोयान क्युबाची राजधानी हवानाला गेले आणि साखरेचा करार झाला. जुलैमध्ये अमेरिकेने क्युबाकडून साखर घेण्याचा कोटा सात लाख टनांनी कापला, आणि सोव्हिएत संघाने तेवढीच साखर आपण घेऊ असं जाहीर केलं. बदल्यात फ्लोरिडापासून जेमतेम १४५ किलोमीटरवर पाय ठेवायला जागा मिळाली. तिथे १९६२मध्ये सोव्हिएत संघाने ठेवलेल्या अणुक्षेपणास्त्रांचं पुढे काय झालं ते सांगायला नको. एवढंच लक्षात ठेवा की ती मागे नेताना सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांनी क्युबाचे नेते कॅस्ट्रो यांना विचारलंही नाही. कॅस्ट्रोंना बातमी रेडिओवरच्या घोषणेतून कळली.

पण माझं पारडं झुकलं ते शेवटाकडे पाहून. इस्रायलच्या उदाहरणात मदत कधी थांबलीच नाही, त्यामुळे ती कशासाठी होती हे ताडून पाहायची सोय नाही. क्युबात मदत थांबली, आणि एकदम थांबली नाही, एकेक करून गेली. कोणती गोष्ट आधी सोडली आणि कोणती शेवटपर्यंत धरून ठेवली, हा क्रम पाहिला की मॉस्कोला काय हवं होतं ते उघडं पडतं. सप्टेंबर १९९१मध्ये सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव यांनी अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांना शेजारी उभं करून क्युबातलं सैन्य काढून घेण्याची घोषणा केली, पुन्हा क्युबाला न विचारता. साखरेचा चढा दर गेला. तेल निम्म्यावर आलं. हवानाजवळच्या लूर्देसला अमेरिकेचे फोन आणि संदेश चोरून ऐकणारं केंद्र होतं, ते मात्र सोव्हिएत संघ बुडाल्यावरही रशियाने दहा वर्षं चालवलं, वर्षाला सुमारे २० कोटी डॉलर भाडं भरून. हे भाडं कंगाल झालेल्या रशियाने भरलं. ऑक्टोबर २००१मध्ये पुतिन यांनी तेही बंद करत असल्याचं जाहीर केलं. हा क्रम एका कागदावर लिहिला तेव्हा मला पहिल्यांदा ‘म्हणून’ लिहिता आलं.

या बाजूला माणसंही स्पष्ट दिसतात. १९९०नंतरच्या तीन वर्षांत क्युबाचं उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घसरलं. डिझेल नाही म्हणून शेतात पुन्हा बैल जुंपले. बससाठी इंधन नाही म्हणून चीनमधून दहा लाखांहून जास्त सायकली आणल्या. कमी खाण्यातून नजर अधू होण्याची साथ आली आणि पन्नास हजारांवर लोकांना ती भोवली. आपल्याकडून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे हरकिशनसिंग सुरजित यांनी पुढाकार घेऊन दहा हजार टन गहू जमवून जहाजाने पाठवला तो याच काळात. गळिताचं बोलायचं तर १९७०मध्ये एक कोटी टनांचा ध्यास घेऊन ८५ लाख टन साखर काढणाऱ्या त्या देशाने २००२मध्ये १५६ पैकी ७१ कारखाने बंद केले. बंद कारखान्याच्या गावात काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला या आकड्यापाशी थांबावंसं वाटेल. मी तिथे आठ पानं लिहिली आणि मार्गदर्शकांनी त्यातली तीन ठेवली.

क्युबातही अडचणी आहेत. स्पॅनिश आणि रशियन येत नसेल तर इंग्रजीत आलेल्या कागदांवर भागवावं लागतं, आणि ते पुरेसे नाहीत असं मला राहून राहून वाटत आलं. मदतीचा आकडा ही दुसरी डोकेदुखी. साखरेचा कोणता बाजारभाव धरायचा, रुबलचा कोणता दर धरायचा, यावर तो दुप्पट-निमपट होतो. शिवाय बीटाची साखर सोव्हिएतांना स्वतःलाही महागच पडायची, त्यामुळे चढा दर म्हणजे सगळी खैरातच होती असंही नाही. आपल्याकडे एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) आणि खुल्या बाजारातला साखरेचा भाव यांची तुलना करताना जो घोळ होतो तोच हा.

आणि छोटा देश नुसता बाहुला नसतो, हेही लिहावं लागेल. नोव्हेंबर १९७५मध्ये आफ्रिकेतल्या अंगोलात सैन्य पाठवण्याचा निर्णय क्युबाने मॉस्कोला न विचारता घेतला, हे आता कागदपत्रांवरून बऱ्यापैकी स्पष्ट आहे. उलट १९६८च्या सुरुवातीला सोव्हिएत तेल हवं तेवढं मिळेना म्हणून कॅस्ट्रोंना पेट्रोलचं रेशनिंग करावं लागलं, आणि त्याच ऑगस्टमध्ये त्यांनी चेकोस्लोव्हाकियात घुसलेल्या सोव्हिएत रणगाड्यांचं समर्थन केलं. तेल आणि भाषण यांचा थेट संबंध होता का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. माझं मत, होता.

तुम्हाला अमेरिकेच्या संसदेचं, निवडणुकांचं, दबावगटांचं राजकारण आवडत असेल तर इस्रायल घ्या आणि त्या तीन घटनांपुरतं राहा. एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर हाती लागेपर्यंत जायचं असेल तर क्युबा घ्या. घेतलात तर १९६०पासून सुरुवात करू नका. आधी १९९१ ते २००१ लिहा, काय कधी सुटलं त्याची यादी करा, आणि ती यादी हातात धरून मागे जा. मी पुढून मागे न येता मागून पुढे गेलो होतो, त्यामुळे पहिलं प्रकरण दोनदा लिहावं लागलं.