इलेक्ट्रिक स्कूटर, दोन वर्षांनंतर: गाडी झकास, सर्व्हिस भंगार

घेतल्या घेतल्या लिहिलेले रिव्ह्यू सगळे गोडच असतात म्हणून मुद्दाम दोन वर्षं थांबलो. कंपनीचं नाव टाकत नाहीये, सर्व्हिस सेंटरशी भांडण अजून मिटायचंय. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि क्रूड, म्हणजे कच्चं तेल, बॅरलला शंभर डॉलरच्या वर गेलं तेव्हाच डोक्यात इलेक्ट्रिकचा किडा घुसला होता, नंतर भाव उतरले तरी तो काही गेला नाही, कारण जी वस्तू २००८ मध्ये १४७ डॉलरला आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत एक दिवस चक्क उणे ३७ डॉलरला जाते तिच्या भरवशावर महिन्याचा हिशोब मांडायचा कसा.

आता गाडी. बॅटरी ३ युनिटची, कंपनी म्हणते १२० किलोमीटर, मला मिळतात ८०-८५. फसवलं म्हणून आधी चिडलो, मग एकदा कागदावर हिशोब केला आणि गप्पच बसलो. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे माझी फुल चार्ज बॅटरी म्हणजे जेमतेम पाऊण पाण्याचा ग्लास... नाही, दीड ग्लास पेट्रोल धरा, लिटरचा तिसरा हिस्सा. तेवढ्यात ही ८० जाते आणि माझी जुनी पेट्रोलवाली गेली असती १५. बाकीचं पेट्रोल इंजिन आणि सायलेन्सर तापवण्यात जातं, इतकी वर्षं आपण खरं तर रस्त्यावर शेगडी फिरवत होतो.

त्रास पण ऐका. चढावर टक्के धाडधाड पडतात, एकदा १८ वरून डोळ्यांदेखत ७ झाले, गाडी कासवाच्या मोडमध्ये गेली आणि मागचे हॉर्न मारतायत. पहिल्या महिन्यात साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर चार्जिंग लावलं तर प्लग वितळून भोकाचा आकारच बदलला, ती चूक माझी, जाड वायरचा वेगळा पॉइंट काढूनच घ्या. पण सॉफ्टवेअर अपडेटनंतर स्क्रीन लोगोवरच अडकली त्याचं काय? ११ दिवस गाडी सेंटरला पडून, रोज फोन केला की ‘सर, वरून फाइल आली की सांगतो’. कार्बोरेटर काय, कोपऱ्यावरचा मेकॅनिक पण उघडतो हो.

मित्र म्हणतो वीज कोळशाचीच ना, धूर फक्त दुसऱ्याच्या दारात. बरोबर आहे त्याचं, बऱ्याच ठिकाणी तसंच आहे. पण उद्या तारेत सौर आली, पवन आली, अणू आली तरी माझ्या गाडीला पत्ता लागणार नाही, पेट्रोल इंजिनला मात्र पेट्रोलच लागणार. आणि हायड्रोजनसाठी थांबलेल्यांनी एवढं बघा की विजेपासून हायड्रोजन, मग तो दाबून भरा, मग परत वीज, यात निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेतच संपते. स्टील कारखान्याला ठीक, स्कूटरला कशाला.

गंमत म्हणजे या बॅटरीचं मूळ तेल कंपनीतच आहे. १९७३ च्या अरब देशांच्या तेलबंदीत क्रूड चौपट झालं, त्या दशकात एक्सॉनने पर्याय शोधायला घेतले, तिथे स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम बॅटरी बनवली आणि पुढे कंपनीनेच तो नाद सोडला. १९९१ ला सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली, व्हिटिंगहॅमना नोबेल मिळालं २०१९ ला.

गाडीला ५ पैकी ४, सर्व्हिसला १, तो पण फोन उचलतात म्हणून. आणि खरं सांगतो, जुनी पेट्रोलवाली अजून विकलेली नाही, कव्हर घालून उभी आहे, महिन्यातून एकदा किक मारून ठेवतो.