एका फवारणीत पिसवा संपत नाहीत, हे फवारणाऱ्याला पक्कं माहीत असतं

पावसाळ्याचे दिवस, तळमजल्यावरचा फ्लॅट, घरात एक कुत्रा आणि एक मांजर. घरच्यांच्या घोट्यांभोवती खाज सुटणारे लाल ठिपके उठू लागतात. ऑनलाइन जाहिरातीतल्या नंबरवर फोन जातो आणि संध्याकाळी पाठीला पंप लावलेला माणूस दारात. 'हर्बल आहे, वास नाही, एका फवारणीत काम, तीन महिन्यांची गॅरंटी.' पंधरा मिनिटांत तो खोल्यांचे कोपरे ओले करतो, ओट्याखाली जेलचे ठिपके देतो, रोख पैसे घेऊन जातो. चार-पाच दिवस घर शांत. दुसऱ्या आठवड्यात पिसवा पुन्हा पायांवर. मग फोनवरचं उत्तर ठरलेलं असतं: 'कुत्र्याने बाहेरून नवीन आणल्या, ते गॅरंटीत येत नाही. दुसरी फवारणी अर्ध्या दरात करून देतो.'

ओट्याखालचं जेल तर निव्वळ देखावा. ते झुरळांसाठीचं आमिष आहे. पिसू रक्त पिते, जेल खात नाही. पण खरी चलाखी त्या चार-पाच दिवसांच्या शांततेत आहे.

कुत्र्या-मांजराच्या अंगावर आढळणारी पिसू बहुतेक वेळा एकाच जातीची असते, टेनोसेफॅलिडिस फेलिस. मादी भरात असताना दिवसाला ४०-५० अंडी घालते. अंडी गुळगुळीत असल्याने केसांतून घरंगळतात आणि जनावर जिथे झोपतं तिथे साचतात. अळीला उजेड नको असतो, म्हणून ती सोफ्याच्या शिवणीत, सतरंजीच्या तळाशी, लाद्यांच्या फटीत शिरते आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतल्या सुकलेल्या रक्तावर वाढते. पुढे ती चिकट धाग्याचा कोष विणते. त्यावर धूळ बसते, आणि कीटकनाशक आत पोचत नाही. आत तयार झालेली पिसू पावलांचा हादरा, अंगाची ऊब किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवेपर्यंत थांबून राहते, आठवडेच काय, कधी महिनेही. सुट्टीवरून परतल्यावर बंद घरात पिसवांचा हल्ला होतो तो यामुळेच. ढोबळ हिशेबात एकूण संख्येपैकी मोठ्या पिसवा ५ टक्केच. निम्मी अंडी, ३५ टक्के अळ्या, १० टक्के कोष.

म्हणजे उत्तम फवारणीनंतरही दोन-तीन आठवडे नव्या पिसवा निघणारच. त्यामुळे 'पिसवा पुन्हा दिसल्या' एवढ्यावरून कुणाला चोर ठरवता येत नाही. प्रामाणिक माणूस हे आधीच सांगतो आणि साधारण १५ ते २१ दिवसांनी दुसरी फेरी पहिल्याच पैशांत धरतो. फसवणारा ते लपवतो आणि तीच दुसरी फेरी नव्याने विकतो.

फरक फोनवरच कळतो. जाणकार आधी विचारतो: जनावरं किती, झोपतात कुठे, त्यांना औषध दिलंय का, फिश टँक आहे का. (फवारणीतली पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना जहाल असतात. टाकी झाकून हवेचा पंप बंद ठेवावा लागतो.) औषधाचं नाव तो न अडखळता सांगतो, आणि मोठ्या पिसवा मारणाऱ्या औषधासोबत अंडी-अळ्यांची वाढ रोखणारं पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन वापरणार का, याचं उत्तर त्याच्याकडे असतं. मूळ सीलबंद बाटली पाहायला मागा. तिच्यावर नोंदणी क्रमांक आणि विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असायलाच हवा. लेबल नसलेल्या कॅनमधून पंप भरला जात असेल तर तिथेच थांबवा. व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला कीटकनाशक कायदा, १९६८ खालच्या नियमांनुसार परवाना लागतो. त्याची प्रत मागण्यात संकोच कसला? आणि फवारा सोफ्याखाली, पलंगाखाली, जनावराच्या जागेभोवती जातोय का ते पाहा. छाती-उंचीच्या भिंती ओल्या करून पिसवांचं काहीही बिघडत नाही.

दुसरी फसवणूक जास्त घातक आहे, कारण ती थेट जनावराच्या कातडीवर होते. काही दुकानांत मोठ्या कुत्र्याची पाइपेट (औषधाची छोटी नळी) फोडून सिरिंजमधून 'लहान डोस' विकला जातो, किंवा गुरांच्या गोचिडांचं औषध छोट्या बाटलीत भरून दिलं जातं. शेतीचं फिप्रोनिल हे कीटकनाशकही असं विकलं जातं. ते भातपिकासाठी बनवलेलं असतं, त्वचेच्या तेलातून अंगभर पसरण्यासाठी नाही. अस्सल फिप्रोनिल स्पॉट-ऑन (कातडीवर टाकायचं थेंबाचं औषध) वजनानुसार येतं: १० किलोपर्यंतच्या कुत्र्याला ०.६७ मिली, १० ते २० किलोला १.३४, २० ते ४० किलोला २.६८, मांजराला ०.५ मिली. सशाला फिप्रोनिल अजिबात नको.

मांजराच्या बाबतीत एक शब्द पाठच करा: परमेथ्रिन. कुत्र्यांच्या अनेक स्पॉट-ऑनमध्ये ते असतं, आणि मांजराचं यकृत त्याचा निचरा नीट करू शकत नाही. 'कुत्र्याचंच आहे, थोडं लावा' या सल्ल्यावर मांजरं मेली आहेत. कान आणि चेहरा थरथरणं, लाळ, अडखळत चालणं, मग झटके. असं दिसलं तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या लिक्विडने औषध धुवा (गरम पाणी नको), टॉवेलात गुंडाळा आणि पाकिटासह लगेच पशुवैद्याकडे न्या. उलटी करवू नका.

अल्ट्रासोनिक कॉलर आणि प्लग यांवर फार शब्द खर्चायला नकोत. पिसवांवर त्यांचा परिणाम चाचण्यांत दिसलेला नाही. लसूण खाऊ घालणं कुत्र्यालाही वाईट, मांजराला त्याहून.

मग करायचं काय? आधी खात्री. बारीक दातांच्या कंगव्याने शेपटीच्या मुळाशी विंचरा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, नाहीतर साधी माती. पिसवा असतील तर घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी, पशुवैद्याने वजन करून दिलेलं औषध. स्पॉट-ऑन केस बाजूला करून थेट कातडीवर, मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही. आधी आणि नंतर ४८ तास आंघोळ नको. शाम्पूने त्वचेचं तेल गेलं की औषध पसरत नाही आणि दोष औषधाला लागतो. गोळ्यांपैकी अफॉक्सोलॅनर महिनाभर चालतं, फ्लुरालॅनर १२ आठवडे. झटक्यांचा त्रास असलेल्या कुत्र्याबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. औषध किमान तीन महिने सलग हवं.

अंथरुणं आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात. व्हॅक्यूम दोन आठवडे रोज, आणि पिशवी त्याच दिवशी बांधून घराबाहेर. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोष फुटतात, हा फायदाच. फवारणी केली असेल तर सुकेपर्यंत माणसं-जनावरं बाहेर, आणि पलंग-सोफ्याखालची लादी दोन आठवडे ओल्या फडक्याने पुसू नका. पोछ्याबरोबर औषधच निघून जातं, आणि आपल्याकडे रोज पोछा मारायची सवय असल्याने बरीच चांगली फवारणी अशीच वाया जाते. शौचात किंवा शेपटीखाली तांदळासारखे दाणे दिसले तर तो पिसू गिळल्याने होणारा पट्टकृमी, म्हणजे आतड्यातला चपटा जंत. त्याचं औषध वेगळं घ्यावं लागतं.

पैसे गेलेच असतील तर बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, 'एका फवारणीत' म्हणणारा मेसेज आणि बाटलीचा फोटो जपून ठेवा. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवता येते. बिल दिलंच नसेल तर पैसे यूपीआयने दिल्याची नोंदही चालते. म्हणून रोख देऊ नका, 'रोख दिलं तर दोनशे कमी' म्हणाला तरी.