म्हापशातलं बिनपाटीचं बुकांचं दुकान आणि फाशी दिलेला परराष्ट्रमंत्री

गोव्यात म्हापशाच्या मार्केटात शुक्रवारी गेलात की मयड्याची केळी, चौरिसाच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा सगळं मागे टाकून एक बारकी गल्ली लागते, तिथे जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. पाटी नाही. कुणालाही "बुकांचं दुकान" म्हणून विचारा, दाखवतात. मी डिचोलीहून महिन्यातून दोनदा जातो, सहा-सात वर्षं झाली, पण रिव्ह्यू लिहायचं आत्ताच मनात आलं, कारण गेल्या पावसात तिथून जे पुस्तक आणलं ते अजून डोक्यातून जात नाहीये.

आधी दुकानाचं सांगतो. तीन भिंती भरून पुस्तकं, एका भिंतीवर नुसती पोर्तुगीज, बार्देशातली जुनी घरं रिकामी होतात तेव्हा पेट्याच्या पेट्या इथे येतात. मराठीत दिवाळी अंकांचे गठ्ठे, पोथ्या, जुन्या कथा-कादंबऱ्या. किंमत आतल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली असते आणि तीच घेतात, घासाघीस चालत नाही पण लागतही नाही, कारण भाव मुळातच रास्त. आणि मालक वाचणारा माणूस आहे हो, हे सगळ्यात मोठं. मी इतिहास शिकवायचो हे त्याला माहीत, त्या दिवशी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पुढे केलं, हाब्सबुर्ग, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या साम्राज्यावरचं, आणि म्हणाला, "सर, हें व्हरात, तुमकां आवडटलें." (घेऊन जा, आवडेल तुम्हाला.) अडीचशे रुपये.

त्यातली दोन मोठी प्रकरणं हंगेरीच्या काउंट ग्युला आंद्राशीवर आहेत. खरं सांगायचं तर मला हा माणूस फक्त बर्लिन काँग्रेसच्या (1878 ची युरोपातल्या सत्तांची बाल्कनवरची परिषद) संदर्भात नावापुरता माहीत होता, वर्गात एका ओळीत उरकायचो. जन्म 1823, मोठं उमराव घराणं, म्हणजे आरामात बसून खाल्लं असतं तरी चाललं असतं. पण 1848 ला हंगेरीत ऑस्ट्रियाविरुद्ध उठाव झाला तसा हा उठावाचा पुढारी कोशूत याच्या बाजूने उतरला, ऑस्ट्रियाशी लढला, मग 1849 ला बंडखोर सरकारने त्याला दूत म्हणून कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) पाठवलं. तिथे असतानाच रशियाच्या फौजा ऑस्ट्रियाच्या मदतीला आल्या आणि उठाव चिरडला गेला. परतायची वाटच बंद. मग लंडन, पॅरिस. 1851 ला पेस्टमध्ये (आजच्या बुडापेस्टचा अर्धा भाग) त्याला फाशी दिली, माणूस हाताला लागला नव्हता म्हणून नुसती नावाने, आणि पॅरिसच्या बायकांनी त्यावरून त्याचं नाव पाडलं, देखणा फाशीवाला. (त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या सत्तरीत दिपाजी राणे नाणूसचा किल्ला घेऊन पोर्तुगीजांविरुद्ध उभा राहिला होता. वाचताना हे सारखं आठवत होतं, ती नाणूसची वाट मी लहानपणापासून बघतोय.)

आणि आता बघा, ज्या बादशहाच्या राज्यात याच्या नावाने फाशी झाली त्याच फ्रान्झ जोसेफच्या डोक्यावर 8 जून 1867 ला हंगेरीचा मुकुट ठेवणाऱ्यांत हाच आंद्राशी होता, हंगेरीचा पंतप्रधान म्हणून! सोळा वर्षांत. मी ते पान परत परत वाचलं.

मधे काय झालं तर माफी मिळून तो मायदेशी आला, मवाळ पुढारी फेरेंत्स देआकच्या सोबत काम करायला लागला, आणि 1866 ला ऑस्ट्रिया प्रशियाकडून (उत्तरेतलं बलाढ्य जर्मन राज्य) सपाटून हरल्यावर व्हिएन्नाला हंगेरीची गरज पडली. तेव्हा जी तडजोड ठरली ती अशी: राजा एक, सैन्य, परराष्ट्र खातं आणि त्या दोन्हीचा खर्च सामाईक, बाकी व्हिएन्नाची संसद वेगळी आणि पेस्टची वेगळी, आणि आर्थिक करार दर दहा वर्षांनी नव्याने. कोशूतला हे मुळीच पटलं नाही, त्याने परदेशातून देआकला उघडं पत्र लिहिलं की तुम्ही हंगेरीचं नशीब ऑस्ट्रियाच्या गळ्यात बांधताय.

इथे माझं वाचन दोन दिवस थांबलं. आमच्या घरात 16 जानेवारी 1967 चा ओपिनियन पोल, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही याचं मतदान, हा विषय अजून संपलेला नाही. आजोबा सिंहवाले, म्हणजे विलीनीकरण मागणाऱ्या मगो पक्षाचे, आजीच्या माहेरचे सगळे दोन पानांवाले, म्हणजे गोवा वेगळा ठेवा म्हणणारे, आणि 1,72,191 विरुद्ध 1,38,170 असा निकाल लागून विलीनीकरण पडलं त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही असं आई सांगते. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे की निम्म्यावर थांबणारा माणूस विकला गेलेला असतो. मीही तसंच समजत आलो. प्रश्न तिथला वेगळा, इथला वेगळा, मान्य, पण आपलं घर कितपत आपल्या हातात राहतं हा हिशोब दोन्हीकडे मांडावा लागला होता, आणि आंद्राशीने तो घाबरून मांडला नव्हता हे मला पुस्तक वाचून पटलं. फासाचं भय ज्याने आधीच बघितलंय त्याला भित्रा कसं म्हणणार?

पण पुढचं वाचून वाईटही वाटलं. आपल्याला मिळालं ते दुसऱ्याला मिळू द्यायचं नाही. 1871 ला झेक लोकांनी बोहेमियासाठी तसाच वाटा मागितला तर तो हाणून पाडण्यात आंद्राशी पुढे, आणि लगेच त्याच नोव्हेंबरात तो साम्राज्याचा परराष्ट्रमंत्री झाला, त्या जागेवर बसलेला पहिला हंगेरियन. आठ वर्षं. रशियाची त्याला मनापासून भीती, 1849 विसरलाच नव्हता, तरी 1873 ला रशिया-जर्मनीबरोबर तीन सम्राटांच्या संघात सामील झाला. तुर्कांच्या ताब्यातल्या बोस्नियात बंड झालं तेव्हा 30 डिसेंबर 1875 ची आंद्राशी नोट, सुलतानाने ख्रिस्ती प्रजेसाठी सुधारणा कराव्यात म्हणून. मग 1878 ची बर्लिन काँग्रेस, बोस्निया-हर्झेगोविना ताब्यात घ्यायची परवानगी मिळवून आला. घोडेस्वारांची एक तुकडी आणि बँडपथक पाठवलं की झालं, असं तो म्हणाल्याचं सांगतात, आणि प्रत्यक्षात तिथले लोक असे लढले की लाखाच्या वर सैन्य ओतावं लागलं. ज्याने स्वतः बंड केलं त्याला दुसऱ्यांच्या बंडाचा अंदाज येऊ नये, याचा मला खरोखर राग आला. 7 ऑक्टोबर 1879 ला जर्मनीबरोबर दुहेरी करार केला आणि दुसऱ्या दिवशी पद सोडलं. 1890 ला गेला.

मुलाचं नावही ग्युला. 1918 च्या ऑक्टोबरात तोही परराष्ट्रमंत्री झाला, पहिल्या महायुद्धात साम्राज्य कोसळत असताना, आणि बापाने केलेला जर्मनीचा करार मोडून वेगळा तह मागायचं काम त्याच्या वाट्याला आलं, जेमतेम आठवडाभराच्या मंत्रिपदात. यावर पुस्तकात दीड पान आहे, दहा हवी होती. बुडापेस्टच्या आंद्राशी रस्त्याची गोष्ट मात्र मस्त दिलीय, 1885 ला त्याचं नाव दिलं, 1950 ला स्टालिनचं केलं, नंतर जनप्रजासत्ताकाचं, आणि 1990 ला परत आंद्राशी. पणजीत रस्त्यांची जुनी पोर्तुगीज नावं अजून तोंडात असलेली माणसं भेटतात, त्यांना हे लगेच कळेल.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे. एक, दुकानात ओल आहे, पावसात पुस्तकांना बुरशी येते आणि कसर लागते. माझ्या पुस्तकाची शेवटची काही पानं चिकटलेली होती, वाफेवर धरून सोडवावी लागली. जून ते सप्टेंबर घेणार असाल तर प्रत्येक पान उलटून बघूनच घ्या आणि घरी गेल्यावर चार दिवस पंख्याखाली ठेवा. दोन, बाल्कनचा घडीचा नकाशा कुणीतरी फाडून नेलेला, तो मला घरी येऊन कळला. नकाशाशिवाय नोवी पाझार कुठे आणि सारायेवो कुठे काही उमगत नाही. पुढच्या खेपेला सांगितलं तर मालक उठला, आतून एक जुना शाळेचा अ‍ॅटलास काढला आणि हातात दिला, पैसे घेतले नाहीत, वर पन्नास रुपये परत करत होता ते मी घेतले नाहीत. अ‍ॅटलासात ऑस्ट्रिया-हंगेरी अख्खं आहे, फिकट गुलाबी रंगात.

तीन, बसायला जागा नाही, एक स्टूल आहे त्यावर मांजर असतं.

दुकान सकाळी साडेनऊला उघडतं, एक ते चार बंद, रविवारी पूर्ण बंद. यूपीआय चालतं पण आत रेंज नाही, दारात यावं लागतं. युरोपचा इतिहास हवा असेल तर मागच्या भिंतीला, खालून दुसरा कप्पा, तिथे बिस्मार्कवरचं एक लाल पुठ्ठ्याचं पुस्तक आहे, ते मी बाजूला ठेवायला सांगितलंय, तेवढं सोडून बाकी काहीही घ्या.