सीआरसी कार्डं, एक सेमिस्टर वापरल्यानंतर: घ्यायची तर ४ × ६ चीच घ्या

जुलैमध्ये टीईच्या (इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या) पहिल्याच डिझाइन प्रॅक्टिकलला वीस मुलं वीस पीसींसमोर बसली आणि प्रत्येक स्क्रीनवर एकच चौकट आली: लायसन्सची मुदत संपली आहे. यूएमएल म्हणजे सॉफ्टवेअरची रचना आकृत्यांतून दाखवायची ठरलेली पद्धत. तिच्या आकृत्या काढायचं हे सॉफ्टवेअर कॉलेजनं विकत घेतलेलं, नूतनीकरणाचे पैसेही वेळेवर भरलेले. विक्रेत्याला फोन केला, तर पावती पाठवा म्हणाले. पावती पाठवली, तर ही जुन्या आवृत्तीची आहे, तिचा सपोर्ट बंद झाला म्हणाले. अकरा दिवस असे गेले. पैसे आपण भरायचे आणि विनवण्याही आपणच करायच्या, याचा राग अजून गेलेला नाही.

त्या अकरा दिवसांत मुलांना बसवून ठेवायचं नव्हतं, म्हणून सीआरसी (क्लास, रिस्पॉन्सिबिलिटी, कोलॅबोरेटर) कार्डं काढली, म्हणजे प्रोग्रॅमचं डिझाइन कागदी कार्डांवर मांडायचं. आता ओरल झाल्या, टर्मवर्कचे मार्क भरून झाले. चार बॅच, प्रत्येक बॅचमध्ये पाच-पाच जणांचे चार गट, असा पाच महिन्यांचा वापर झालाय.

पद्धत तुम्हाला माहीत असेलच. प्रत्येक क्लासला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका प्रकारच्या घटकाला, एक कार्ड: वर क्लासचं नाव, डावीकडे जबाबदाऱ्या, उजवीकडे मदतीला लागणारे क्लास. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरनी १९८९ च्या ऊप्स्ला या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगवरच्या परिषदेत ती मांडली. यूएमएल प्रमाण म्हणून स्वीकारलं गेलं ते १९९७ मध्ये. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांच्या लेखाचा विषयच ऑब्जेक्टच्या (क्लासवरून घडणाऱ्या प्रत्यक्ष घटकाच्या) अंगानं विचार करायला कसं शिकवावं हा होता. आपण मात्र हा विषय एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम अशा संकल्पनांच्या व्याख्या फळ्यावर लिहून सुरू करतो आणि तिसऱ्या लेक्चरला मुलं विचारतात, "मॅडम, क्लास डायग्राम किती मार्कांना येते?"

आता आकार. त्या लेखात ४ × ६ इंचांची कार्डं आहेत. दुकानात चटकन मिळतात ती ३ × ५ ची, आणि स्वस्तही असतात, म्हणून मी तीच पाच पाकिटं आणली. ४५० रुपये गेले आणि पहिला आठवडाही. ३ × ५ वर डाव्या अर्ध्या भागात साधारण अक्षरात तीन जबाबदाऱ्या मावतात. चौथी आली की मुलं क्लास फोडतात, म्हणजे एकाचे दोन करतात. फोडायची गरज आहे का, हे कुणी विचारत नाही, जागा संपली एवढंच दिसतं. एसटीच्या तिकिटाच्या उदाहरणात एका गटाकडे "प्रवाशाचं वय" नावाचा क्लास तयार झाला. त्यात एक आकडा, बाकी काही नाही. दुसऱ्या गटानं न फोडता मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात नऊ ओळी कोंबल्या. दोन्ही वेळा कार्डानं चुकीचं शिकवलं. ४ × ६ चं क्षेत्रफळ २४ चौरस इंच, ३ × ५ चं १५. फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण मोठ्या कार्डावर पाच-सहा जबाबदाऱ्या नीट मावतात, आणि सहाच्या पुढे गेलं की तो क्लास खरोखरच जास्त काम करत असतो. बेक-कनिंगहॅम यांचं सांगणंही असंच आहे: कार्ड भरलं की आधी तेच काम कमी शब्दांत सांगून बघा, तरी मावलं नाही तर नवा ऑब्जेक्ट काढा. आधी शब्द आवळायचे, मग फोडायचं. हा क्रम लहान कार्डावर पाळताच येत नाही.

उदाहरण म्हणून लायब्ररी मॅनेजमेंट मी मुद्दाम टाळलं, ते प्रत्येक जर्नलमध्ये आयतं असतं. मी एसटीचं तिकीट घेतलं. आमची निम्मी मुलं एसटीनं येतात, त्यामुळे नियम समजावत बसावे लागत नाहीत. सुरुवातीला दोनच सवलती दिल्या: ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, ६५ च्या पुढच्या ज्येष्ठांना अर्धं. गटांची कार्डं जमली की पहिली चिठ्ठी दिली: २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत. ती बसवून झाली की दुसरी: १७ मार्च २०२३ पासून महिलांना ५० टक्के. ज्या गटांनी वयाच्या सगळ्या अटी "तिकीट" या कार्डात घातल्या होत्या, त्यांची प्रत्येक चिठ्ठीला तीन-तीन कार्डांवर खाडाखोड झाली. ज्यांनी "सवलत" वेगळी काढली होती, त्यांनी एक नवं कार्ड टेबलावर ठेवलं आणि वर बघितलं. बदल सोसणारं डिझाइन म्हणजे काय, हे मी आठ वर्षं स्लाइडवर दाखवत आलेय. ते टेबलावर असं दिसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

मग सत्तर वर्षांची आजी. ज्येष्ठ म्हणूनही अर्धं, महिला म्हणूनही अर्धं. दोन गटांनी अर्ध्याचं अर्धं करून पाव भाडं लावलं. बाकीचे म्हणाले, एकच सवलत द्या, कुठलीही चालेल. तेवढ्यात रोज एसटीनं येणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पैसे सारखेच, पण सरकार महामंडळाला कुठल्या योजनेतून देणार?" सवलतीची रक्कम शासन महामंडळाला देतं, म्हणजे कुठली सवलत लागली याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी. ती जबाबदारी कुणाची, यावर तासाचा उरलेला सगळा वेळ गेला आणि मी तो जाऊ दिला.

कार्ड हातात धरून बोलायचं, हा नियम मात्र सोडू नका. ज्याच्या हातात कार्ड, तोच बोलणार, आणि कार्डावर आहे तेवढंच. एकदा "सवलत" धरलेला मुलगा अडला, "मला वय कोण सांगणार?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण "प्रवासी" हे कार्ड कुणी काढलंच नव्हतं. मी एक शब्द बोलले नाही.

कार्डांच्या खर्चाबद्दल. दुसऱ्या महिन्यात दुकानाचा नाद सोडला. आमच्या गल्लीतल्या प्रेसवाल्या काकांकडे लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे तुकडे उरतात, त्यांनी ४ × ६ मध्ये ६०० कापून १२० रुपये घेतले. एक बाजू गुळगुळीत असल्यानं पेन पसरतं, लिहायचं ते खरखरीत बाजूवर. पेन्सिल देऊ नका. पेन्सिलनं लिहिलं की मुलं खोडत राहतात आणि जुना विचार हळूहळू वळवत बसतात. पेन असलं की कार्ड बाजूला टाकून नवं घ्यावं लागतं. एका गटाला साधारण तीस कार्डं लागतात, शेवटी बारा-तेरा उरतात. बाजूला पडलेली जपून ठेवायला लावा, ओरलला मी तीच विचारली.

ऑगस्टअखेर मी स्टाफरूममध्ये सांगत होते की आता सॉफ्टवेअर नकोच. ते माझं चुकलं होतं, हे सप्टेंबरमध्ये कळलं. आरक्षणाचा भाग घेतला: दोन प्रवासी एकाच क्षणी एकच सीट निवडतात. कोणता संदेश आधी, कोणता नंतर, सीट कधी अडवायची, पैसे भरले गेले नाहीत तर कधी सोडायची. कार्डांना हा क्रम धरून ठेवता येत नाही. मुलं तोंडी बरोबर सांगायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच गटात तीन वेगवेगळे क्रम निघायचे. इथे संदेशांचा क्रम दाखवणाऱ्या सिक्वेन्स डायग्रामला पर्याय नाही. इनहेरिटन्सचंही (एका क्लासनं पालक क्लासचे गुण घेणं) तसंच. मागच्या बाजूला पालक क्लास लिहायला सांगितलं, पण कार्ड उलटून कुणी बघत नाही. चौदा-पंधरा कार्डांच्या वर गेलं की टेबल पुरत नाही, पंखा लावला की उडतात, आणि पावसाळ्यात कपाटातली वाकडी होतात. प्रत्येक तासाच्या शेवटी फोटो काढून ठेवायला लागले, ते जर्नलला चिकटवले.

तरी सॉफ्टवेअर सुरू झाल्यावरचा फरक सांगते. कार्डांवर महिनाभर भांडलेल्या मुलांनी क्लास डायग्राम (चौकटी म्हणजे क्लास, बाण म्हणजे त्यांचे संबंध) काढायला घेतली, तेव्हा चौकटी कमी आणि बाण कमी होते. "हा बाण का?" विचारलं की उत्तर मिळायचं. मागच्या बॅचना हाच प्रश्न विचारला की ती मुलं स्क्रीनकडे बघायची.

त्यामुळे पुढच्या वर्षी पहिले पाच आठवडे फक्त कार्डं आणि व्याख्या तिसऱ्या आठवड्यानंतर. सिक्वेन्स डायग्राम सहाव्या आठवड्यापासून, आणि ती फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होते का, ते मी दिवाळीच्या सुट्टीत तपासणार आहे. प्रेसच्या काकांना सांगून ठेवलंय: ४ × ६, दोन्ही बाजू खरखरीत, आठशे. नूतनीकरणाचं पत्र टेबलावर आहे, त्यावर सही केलेली नाही.