छिद्रांचा कागद बघून मी रायफल घेतली

हरणाच्या शिकारीसाठी मी माझी पहिली रायफल वापरलेली घेतली आणि त्यात पुरता फसलो. परवाना, हस्तांतराचे कागद, सगळं कायदेशीर होतं. खोटी होती ती रायफलची हकीकत. नवख्या माणसाला कुठे गाठतात हे आता मला कळलंय, म्हणून लिहितोय.

मी .२४३ किंवा .३०८ विंचेस्टर या काडतुसांची रायफल शोधत होतो. विकणारा म्हणाला, "अहो, .२४३ पोरांच्या हातात ठीक. जखमी हरीण पळालं तर काय कराल? एकदाच घ्यायची तर मोठी घ्या." आणि त्याने .३०० विंचेस्टर मॅग्नम या दांडग्या काडतुसाची रायफल पुढे केली. जेमतेम पन्नास-साठ गोळ्या झाडलेली, असं शपथेवर सांगितलं. नळीचा काळा रंग नव्यासारखा, वर नामांकित कंपनीचं नाव असलेली दुर्बीण. शिवाय निशाणाचा एक कागद, शंभर मीटरवरून याच रायफलने झाडलेल्या पाच गोळ्यांचा. पाचही छिद्रं एका नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळजवळ.

त्या कागदाने माझी अक्कल गहाण पडली. "मी स्वतः झाडून बघू का?" असं विचारलं, तर "कागद समोर असताना काडतुसं कशाला फुकट घालवता?" म्हणाला. नळीत डोकावलो, आत चकचकीत दिसलं. ती चमक थापलेल्या तेलाची होती.

पहिल्याच सरावात पाच गोळ्या वीतभर पसरल्या. फोन केला तर म्हणाला, "मॅग्नम आहे साहेब, हात बसायला वेळ लागतो." मला ते पटलंही, कारण धक्का खरोखर जबर होता. सारख्याच वजनाच्या रायफलींत या काडतुसाचा धक्का .३०८ च्या दीडपट आणि .२४३ च्या दुपटीहून जास्त बसतो. चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले होते. दोष माझाच, असं धरून मी हंगामात तीच रायफल घेऊन गेलो. तसं जायला नको होतं.

सुमारे १२० मीटरवर एक मादी आडवी उभी होती. हरणाच्या छातीत काळीज आणि फुप्फुसांची जागा असते २०-२५ सेंटीमीटरची. गोळी तिथे बसली तर जनावर फार तर थोडं पळून लवकरच कोसळतं. माझी गोळी मागच्या पायावर बसली. वाळक्या पानांवरचे रक्ताचे थेंब शोधत आम्ही चाळीस मिनिटं तिच्या मागावर होतो, शेवटी सोबत्याने गोळी घालून तिला यातनेतून सोडवलं. ती चाळीस मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत.

मग रायफल जाणत्या कारागिराकडे नेली. त्याने आधी दस्त्याचे स्क्रू दाखवले. खाचा झिजून गोल झालेल्या, म्हणजे रायफल कितीदा उघडली असेल! तेल पुसून त्याने नळीत बारीक कॅमेरा घातला. काडतुसाच्या लगेच पुढचा भाग आटलेल्या तळ्यातल्या गाळासारखा तडकला होता. .३०८ आणि .३०० मॅग्नम, दोन्हींची गोळी एकाच जाडीची, ७.८ मिलिमीटर. पण मॅग्नममध्ये दारू जवळपास दीडपट जळते, म्हणून नळीचा तो भाग लवकर जळतो. पन्नास गोळ्यांत असं होत नाही. नळीच्या तोंडाच्या काठावर एक खोकही होती, आणि गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श तिथलाच असल्यामुळे ती तिथेच भरकटते. बाहेरचा रंग नव्याने चढवलेला. दुर्बीणही नक्कल निघाली, नेम जुळवायची खुंटी चार टिचक्या फिरवून परत आणली तरी नेम जागेवर येईना.

आता माझ्याकडे साधी .३०८ आहे. हे काडतूस १९५२ पासून बाजारात आहे, दारूगोळा सहज मिळतो, आणि हरणासाठी नेहमीच्या पल्ल्यात त्याहून जास्त ताकद लागत नाही. धक्का नकोच वाटत असेल तर .२४३ मध्ये ९०-१०० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची, हरणासाठी बनवलेली गोळी आणि जपून घेतलेला नेम पुरतो. मोठ्या काडतुसाने चुकलेला नेम सुधारत नाही. वापरलेली घेताना बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, काढून, तेल पुसून नळी दोन्ही टोकांनी बघा, शक्य असेल तर कारागिराला सोबत न्या. आणि पाच गोळ्या स्वतः झाडा. विकणारा "कशाला?" म्हणाला, तर तिथून उठा.

तो कागद मी फेकला नव्हता. परवा सहज माझ्या सरावाच्या कागदाशेजारी ठेवला. माझी छिद्रं मोठी, त्याची स्पष्टपणे लहान. .२४३ ची गोळी ६.२ मिलिमीटरची असते, तिने पडावीत तशी. निदान माझ्या रायफलीची ती नव्हतीच. मी लगेच विकणाऱ्याला फोन लावला. त्याने उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला.