एअरगनची स्प्रिंग बसली: पुन्हा पोलादी घालावी की गॅस रॅम?

गॅस रॅमचं, म्हणजे स्प्रिंगच्या जागी बसणाऱ्या दाबलेल्या गॅसच्या बंद नळकांड्याचं, कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. छर्रा सुटताना झणझण नाही, झटक्यात पीळ नाही, आणि बंदूक तासभर कॉक करून (दाबून, मारायला तयार) ठेवली तरी त्याची ताकद उतरत नाही. पोलादी स्प्रिंग तशी ठेवली की बसत जाते. रॅमची बंदूक कॉक करायला बॅरल खाली वाकवताना मात्र पहिल्या इंचापासूनच पूर्ण जोर लागतो. शिवाय ३५ अंशांचं तापमान निफाडच्या थंडीत ५ वर आलं की गॅसचा दाब दहाएक टक्के उतरतो. हेही चालवून घेता येतं.

माझं मन फिरलं ते सीलवरून. बाजारातले बहुतेक रॅम सीलबंद. गळती लागली की घरी उघडता येत नाही, भरता येत नाही. त्याच मापाचा नवा कुरियरने येईपर्यंत बंदूक भिंतीला. स्प्रिंग थकते ती सांगून: छर्रा हळूहळू खाली पडू लागतो.

झणझण हा स्प्रिंगवरचा मोठा आक्षेप, पण बहुतेकदा दोष गाइडच्या, म्हणजे स्प्रिंगच्या आतल्या दांड्याच्या, ढिलाईचा असतो. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कुठल्याही लेथवाल्याकडून डेल्रिनचा (कडक प्लॅस्टिकचा) गाइड असा कातून घ्या की स्प्रिंग हाताने पिळूनच चढेल. दाबली की ती किंचित फुगते, त्यामुळे अडकत नाही. नवी घेताना तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि वेढे जुन्याशी जुळवा. तार जाड निघाली तर ट्रिगरची पकड बसण्याआधीच वेढे एकमेकांना भिडतात आणि बंदूक कॉकच होत नाही. शिवाय ताकद २० जूलच्या वर गेली तर परवाना लागतो.

खोलताना बंदूक रिकामी आणि कॉक न केलेली हवी. तरीही स्प्रिंग आत दाबलेलीच असते. मांडीवर धरून पिन ठोकली तर स्प्रिंगला मागून अडवणारा ब्लॉक गोळीसारखा सुटतो. सुताराचा लांब क्लॅम्प लावा, ब्लॉकवरचा भार त्याच्यावर घ्या, मग पिन काढा आणि स्क्रू सावकाश सोडा. रॅमलाही क्लॅम्प लागतोच. अंतर कमी, जोर तितकाच.

पिस्टन (स्प्रिंग पुढे ढकलते तो दट्ट्या) परत घालताना नळीतल्या खाचेच्या धारेवर त्याच्या तोंडाचं सील सोलतं. कोल्ड्रिंकच्या बाटलीची पट्टी कापून आतून लावली की ते सरळ सरकतं. मोलिब्डेनम ग्रीस पिस्टनच्या अंगाला, अगदी पुसट. सीलच्या पुढे थेंबभर तेल राहिलं तरी ते दाबाने पेटतं: मोठा आवाज, धूर, आणि नवं सील करपतं.

ज्याला आवाज अजिबात नको, त्याने खुशाल रॅम घ्यावा. दुसरा एक कपाटात ठेवावा, इतकंच.